राख, रिठा आणि संत्र्याची सालं: घरगुती साफसफाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. सासर वरूडकडे, संत्र्याच्या बागांत. तिकडे पाणी खारं, इकडे खोल बोअरचं जड. साबणाला फेस न येणं दोन्हीकडे सारखंच. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, लग्नाघरी भांडी घासता घासता बायका मला जे विचारतात, ते एकदाचं लिहून काढलं आहे.

ताई, बाजारातलं सगळं बंद करून घरच्याच वस्तूंनी घर साफ राहतं का?

बरंचसं राहतं, सगळं नाही. साबण मी सोडलेला नाही आणि तुम्हीही सोडू नका.

"आजी असंच करायची" हे अर्धं खरं. आजीचं घर मातीचं, पाणी पितळेच्या गुंडात, तवा लोखंडाचा आणि राख चुलीतली. प्रत्येक वस्तूला तिच्या जोडीची वस्तू होती. आता घरकुलात टाईल आली, ओटा कडप्प्याचा झाला, गंज म्हणजे पातेली अॅल्युमिनियमची आली, एखादा नॉनस्टिक तवा आला. आजीची चिंच या सगळ्यांवर चोळली तर काही चकाकेल, काही कायमचं बिघडेल. म्हणून हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: मळ कशाचा आहे, आणि तो बसलाय कशावर?

मळ कशाचा आहे हे कसं ओळखायचं?

बोट फिरवून पाहा. चिकट लागला तर तेल-तूप, नाहीतर फोडणीची वाफ. त्याला सोडा, राख, साबण, रिठा लागतो. बादलीच्या काठावरचा किंवा नळाच्या तोटीवरचा पांढरा खरखरीत थर पाण्यातल्या क्षारांचा असतो. त्याला साबण हजारदा लावा, ढिम्म हलत नाही. तिथं आंबट पाहिजे: लिंबू, चिंच, आंबट ताक. पितळेवरचा काळा-हिरवा थरही आंबटानंच निघतो.

तेलकटाला आंबट लावणं आणि क्षाराला साबण लावणं, या दोन चुकांत आपल्या निम्म्या मनगटांची ताकद वाया जाते.

सामान काय आणून ठेवू?

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा (दोन्ही वेगळे आहेत, डबे अदलाबदल करू नका), किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, पावशेर रिठे, साधा कपड्यांचा साबण. चिंच, मीठ, राख घरात असतेच. घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि पुजेच्या नारळाची शेंडी. पुसायला जुनी सुती साडी किंवा धोतर. कॉटनच्या गावात राहून पुसायला नायलॉनचं फडकं विकत आणणं मला पटत नाही.

रिठ्याचं पाणी कसं करायचं? माझं दोन दिवसांत नासतं.

पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. झाकण ठेवून समोरून हलू नका, कारण उतू जायला लागलं की दुधापेक्षा वाईट. गार झाल्यावर कुस्करून जुन्या सुती कपड्यातून गाळा.

नासण्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ते दोन-तीन दिवसांपलीकडे टिकतच नाही. त्यात तुमची चूक नाही. थोडं थोडं करा, नाहीतर रिठ्यांची टरफलं कडक वाळवून कुटून भुकटी ठेवा आणि लागेल तेवढीच भिजवा.

जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, कारण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जमून साबणाची चिकट साय होते. तीच बादलीला आणि कपड्यांना चिकटते. रिठ्यातलं सॅपोनिन तशी साय करत नाही, म्हणून आपल्याकडे रिठ्याला पुण्या-मुंबईपेक्षा जास्त मोल आहे. लोकर, रेशमी लुगडं, सोन्याचांदीचे दागिने, हलकी तेलकट भांडी, फरशी: या कामांना छान. जळकट कढईला मात्र नाही पुरत. पांढऱ्या धोतराला वापराल तर पिवळट झाक येईल.

डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. लगेच भरपूर पाण्यानं धुवा. मुलांना फेसाशी खेळायला देऊ नका.

कपडे धुताना साबण फार लागतो. उपाय?

बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग साबण लावा. पाण्यातला जडपणा सोडा आधीच खाऊन टाकतो. हाताला मात्र कोरड पडते, नंतर खोबरेल लावा. लोकर-रेशमाला हा सोडा नको.

पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली टाकी ठेवा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी जाऊ द्या, छपराची घाण त्यात येते. नंतरच्या पाण्यात साबणाला असा फेस येतो की माहेरी आमची आई वर्षभराच्या गोधड्या त्याच दिवसांत धुवायची. उघाड कधी मिळेल हा प्रश्न वेगळा.

राखेनं भांडी घासणं चांगलं की वाईट?

लाकडाची, तुराट्यांची, पऱ्हाटीची किंवा गोवरीची राख असेल आणि चाळून घेतली असेल तर चांगलं. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. पाणी लागलं की ते तेलाशी मिळून थोडासा साबणच बनवतं, आणि राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. स्टील, लोखंड आणि चुलीवरच्या काळ्या बुडासाठी राखेसारखं काही नाही. चुलीवर ठेवण्याआधी भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा हात फिरवला तर काजळी त्या थरावर बसते आणि थरासकट निघून येते. ही युक्ती गॅस आल्यापासून विसरली गेली, पण पंगतीचं रांधताना अजून कामाला येते.

चुलीत प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड जाळलं असेल तर ती राख भांड्याला नको. अॅल्युमिनियमला राख आणि सोडा दोन्ही खातात, गंज काळवंडतो. काच, मेलामाइन, नॉनस्टिकला चरे पडतात. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी राख दुसऱ्या कुणी घ्यावी.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. पूर्वी भांडी अंगणात घासत, राख मातीत मिसळून जाई. आता मोरीला पाईप आहे आणि पुढे शोषखड्डा. ओली राख पाईपच्या वळणात सिमेंटसारखी बसते. आमच्याकडे एकदा पाईप कापावा लागला. राखेची भांडी बाहेरच घासा.

महालक्ष्म्यांच्या आधी पितळ चमकवायचं आहे.

चिंच कोमट पाण्यात भिजवा, कोळात मूठभर मीठ, चोळा, पाच मिनिटांत धुवा. लगेच कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा डाग येतात. चिंच लावून भांडं तासभर विसरू नका. आतून कल्हई असलेल्या भांड्याला आत चिंच नको. चांदीला चिंच नकोच, तिला रिठा.

ओट्यावर लिंबू घासलं तर पांढरे डाग पडले. कसे काढू?

निघणार नाहीत. वाईट वाटतं सांगताना, पण हीच चूक मी नवी नवरी असताना केली. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिंबाच्या फोडी घासल्या, चमकेल म्हणून. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ढग उमटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला ओटा दाखवत राहिल्या.

कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीचे दगड, आणि संगमरवरही त्याच कुळातला. आंबट लागलं की दगडच विरघळतो. डाग म्हणजे वर बसलेलं काही नसतं, तिथली झिलई गेलेली असते. पॉलिश करणारा बोलवावा लागतो, नाहीतर खोबरेलाचा हात फिरवून झाकायचं.

दगड कुठला ते कळत नसेल तर कोपऱ्यात, कुणाला न दिसेल अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. अशा फरशीला कोमट पाणी आणि थोडं रिठ्याचं किंवा साबणाचं पाणी पुरे. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाईल आंबट सोसतात, टाईलच्या सांध्यातलं सिमेंट मात्र सोसत नाही.

संत्र्याच्या सालांचं एंझाइम खरंच काम करतं का?

करतं, पण जेवढा गाजावाजा आहे तेवढं नाही.

आधी कृती. गूळ १ भाग, सालं ३ भाग, पाणी १० भाग, वजनानं. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं, १ लिटर पाणी. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरा आणि वर चतकोर जागा मोकळी ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू काढून टाका, पुढे अधूनमधून. तीन महिन्यांनी गाळा. वास आंबूस, संत्र्यासारखा यावा. सडका आला किंवा काळी बुरशी दिसली तर सगळं खताच्या खड्ड्यात टाका.

काचेच्या बाटलीत करू नका. माझ्या जावेनं सरबताच्या काचेच्या बाटलीत केलं, बूच घट्ट लावून माळ्यावर ठेवलं. रात्री आवाज झाला तेव्हा आम्हाला वाटलं रोहित्र उडालं. सकाळी माळाभर काचा आणि गुळाला लागलेल्या मुंग्यांची रांग.

आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) सालं ऑक्टोबरपासून मिळतात, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चकडे. बागवाल्यांकडे त्याआधी फळगळ होते, ती गळलेली फळंही चालतात. फवारणी ताजी असेल तर ती घेऊ नका, आणि एरवीही आधी धुऊन घ्या.

तयार द्रव आंबट असतो. म्हणून तो टाईल, संडासचं भांडं, नळाचे पांढरे डाग यांवर चालतो. ओंजळभर द्रव बादलीत टाकून फरशी पुसली तर माश्या थोड्या कमी बसतात, असा माझा अनुभव. कडप्पा-शहाबादीवर नको, कारण वर सांगितलं. आणि त्यानं जंतू मरतात यावर भिस्त ठेवू नका. प्रत्येक बरणी वेगळी निघते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की जोरात फेस येतो. म्हणजे ते जास्त प्रभावी ना?

फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सोडा व्हिनेगरला मारतो, व्हिनेगर सोड्याला, आणि तुमच्या हातात खारट पाणी उरतं. सोडा वेगळा वापरा, आंबट वेगळं. तुंबलेल्या मोरीत त्या उसळीनं थोडी घाण हलते, एवढंच. त्याला गजाची तार बरी.

कुलरवर पांढरे थर बसलेत. घरच्या घरी कसे काढायचे?

हा खरा वैदर्भीय प्रश्न! मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कुलर दिवसरात्र चालू, पाणी बोअरचं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताट्यांवर, पंपाच्या जाळीवर, टाकीच्या तळाशी दगडासारखा थर.

सगळ्यात आधी प्लग काढा. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. प्लग ओढून बाजूला ठेवा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुलरच्या झटक्यानं माणसं जातात, बहुतेक वेळा ओल्या हातानं टाकीला हात लावून.

मग पाणी उपसा. अर्धी बादली कोमट पाण्यात चार-पाच चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. पंपाची जाळी आणि प्लास्टिकची नळी त्यात तासभर बुडवून ठेवा (मोटार बुडवू नका), थर भुसभुशीत होऊन ब्रशनं निघतो. प्लास्टिकची टाकी असेल तर तेच पाणी तिथंही. लोखंडी टाकीला जस्ताचा मुलामा असतो आणि आंबट तो खातो. तिथं पाच मिनिटं फिरवून लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर नुसतं काथ्यानं घासा. मोसमभर चाललेलं कुलरचं गवत धुण्यात अर्थ नाही, दरवर्षी बदला. वाळ्याच्या ताट्या मात्र हलक्या हातानं धुऊन उन्हात वाळवता येतात.

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी करा आणि आतल्या भिंती घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो. नुसतं पाणी बदललं तर अंडी तिथंच राहतात.

कशात काय मिसळायचं नाही?

हे मोठ्यानं वाचून दाखवा घरात.

ब्लीचिंग पावडर आणि संडासचं अॅसिड कधीही एकत्र नको. क्लोरीन वायू निघतो, छाती बंद होते. लिंबूसत्त्व, व्हिनेगर, सालांचं एंझाइम हेही अॅसिडच, त्यामुळे ब्लीचिंगबरोबर तेही नको.

ब्लीचिंग आणि गोमूत्रही नको. गोमूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया होतो, आणि अमोनिया-ब्लीचिंगचा वायूही फुप्फुसाला घातक. गोठा ब्लीचिंगनं धुवायचा असेल तर आधी साध्या पाण्यानं गोमूत्र पूर्ण वाहून जाऊ द्या.

चुकून झालंच तर नाक दाबून साफ करत बसू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. खोकला थांबत नसेल तर दवाखाना.

सारवण आरोग्याला चांगलं की वाईट? मुलगी म्हणते शेणात जंतू असतात.

मुलगी बरोबर म्हणते, आणि सारवणही चुकीचं नाही. मातीच्या जमिनीला सारवण लागतंच, नाहीतर धूळ उडते, भेगा पडतात, भेगांत मुंग्या आणि पिसवा घर करतात. ताजं शेण, चाळलेली पांढरी माती, हाताला पातळ दह्यासारखं लागेल एवढं पाणी. पातळ हात दोनदा द्यावा, जाड एकदा देऊ नये. जाड थर तडकतो. पूर्ण वाळेपर्यंत वर कुणी चालायचं नाही.

शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. पायाला जखम असेल तर ओल्या सारवणावर चालू नये, हाताला चीर असेल तर सारवू नये. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख तर मुळीच नाही. रांगत्या बाळाखाली गोधडी किंवा चटई टाका. टाईलच्या घरात शेणाचं पोतेरं फिरवून काही साधत नाही. सणाला दारापुढे सडा घाला, तेवढं पुरे.

फवारणीचे कपडे रिठ्यानं धुवू का? घरचेच आहेत ना.

नाही. इथं घरगुती उपाय चालत नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं, आणि ते कपडे धुणाऱ्या बाईच्या हातालाही लागतं. ही गोष्ट फार कमी बोलली जाते.

फवारून आलेल्या माणसानं कपडे बाहेरच उतरवावेत, वेगळ्या पिशवीत ठेवावेत, त्याच दिवशी धुवावेत. हातमोजे घाला. आधी नुसत्या पाण्यानं खळबळून काढा, मग गरम पाणी आणि भरपूर डिटर्जंट, दोनदा. दुसऱ्या कुणाचा कपडा त्यात नको. बादली नंतर साबणानं धुवा. पाणी विहिरीजवळ, गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका. औषधानं चिंब भिजलेला कपडा धुण्यापेक्षा टाकून द्यावा.

औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी घरात आणू नका. तेलाला नको, रॉकेलला नको, आपल्या या रिठ्याच्या पाण्यालाही नको.

लुगड्यांत डांबर गोळ्यांऐवजी काय ठेवू?

सावलीत कडक वाळवलेला निंबाचा (कडुनिंबाचा) पाला, सुती पिशवीत. दर दोन-तीन महिन्यांनी बदला. पाला ओलसर राहिला तर कपड्यांना डाग पडतात. बदलताना कपडे उन्हात टाका, कसर उन्हाला आणि झटकण्यालाच जास्त भिते.

डांबर गोळ्या घरात तान्हं बाळ असेल तर मुळीच नको. बऱ्याच गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. जी-६-पी-डी नावाचा घटक रक्तात कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, कावीळ होते. आणि आपण नेमकं बाळंतपणासाठी जपून ठेवलेली दुपटी त्याच पेटीतून काढतो. कापूर आणि कडुनिंबाचं तेल हेही "झाडाचं आहे" म्हणून मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येतात.

बाजेत ढेकूण झालेत.

बाज उन्हात, सुंभाच्या गाठींत आणि खुरांच्या सांध्यांत उकळतं पाणी. आठवड्यातून एकदा, असं तीन-चार आठवडे. निंबाच्या पाल्याच्या धुरीनं फक्त आपले डोळे चुरचुरतात.

झुरळांसाठी बोरिक पावडर नैसर्गिकच आहे ना?

ते विष आहे. कणकेच्या गोळ्या करून ठेवल्या तर झुरळं मरतात, पण त्या गोळ्या रांगत्या बाळालाही खाऊच वाटतात. कपाटामागे, फटीत ठेवा, नाहीतर ठेवूच नका. रात्री खरकटी भांडी आणि ओलं फडकं मोरीत न ठेवणं हे जास्त कामाचं.

संडाससाठी काय वापरू? दोन खड्ड्यांचा आहे.

मग अॅसिड आणि फिनाईल बेतानंच. खड्ड्यातला मैला कुजवून त्याचं खत करणारे जीव त्यानं मरतात. रोज ब्रश आणि पाणी. पिवळ्या डागांना कोमट पाण्याच्या तांब्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून रात्री ओता, सकाळी घासा.

घरात कुणाला हगवण-उलट्या झाल्या तर?

त्या दिवशी रिठा, निंब, एंझाइम सगळं बाजूला. आधी घाण कागदानं किंवा राखेनं उचला, जागा साबणानं धुवा, मग ब्लीचिंगचं पाणी: १ लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, घट्ट बंद डब्यातली ताजी पावडर. दहा मिनिटं राहू द्या, मग पाण्यानं धुवा. दारंखिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, ती नुसती पांढरी माती. रोग्याचे कपडे उकळून उन्हात. गावात दोन-चार घरी असंच झालं असेल तर आशाताईंना लगेच कळवा, विहिरीचं पाणी बघावं लागेल.

बाटल्यांवर नाव लिहायची खरंच गरज आहे? घरात सगळ्यांना माहीत आहे.

पाहुण्यांच्या पोराला माहीत नाही. थंड पेयाच्या बाटलीत रिठ्याचं पाणी अगदी थंड पेयासारखंच दिसतं.

सासूबाई म्हणतात, फिनाईलचा वास आल्याशिवाय घर साफ वाटतच नाही. काय करू?

आमच्याकडेही हेच होतं. मी पुसायच्या बादलीत गवती चहाची चार पानं उकळून त्याचं पाणी घालायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चहा सांडला का गं?" आता त्याच अंगणातल्या ठोंबाला रोज पाणी घालतात.